खोकला बंद झाला तो आठवडा

तियांग चोलेंग उजाडायच्या आधी उठते आणि खोकते. रोज. आधी एक बारीक खोकला, चाचपून बघितल्यासारखा. मग एक मोठा. मग असा काही सुरू होतो की शेजारचा कोंबडाही गप्प बसतो. पलंगाखाली दुधाच्या पावडरचा रिकामा डबा असतो, त्यात ती थुंकते, झाकण लावते, क्रूसाची खूण करते आणि चूल पेटवायला जाते. आमच्या दोघींच्या मध्ये एकच पडदा, तोही विरलेला. मी उशी डोक्यावर ओढते आणि मनातल्या मनात शिव्या देते.

ती माझ्या आईची मोठी बहीण; तियांग म्हणजे मावशी. आई मनिलात एका घरी कामाला असते, म्हणून मी हिच्याकडे. नववीत बाईंशी भांडून शाळेतून निघाले ती परत गेलेच नाही. बाई चुकीच्या होत्या, हे मी आजही सांगेन. तेव्हापासून तियांगच्या भट्टीवर आहे. मासे साफ करायचे, मिठाच्या पाण्यात उकळायचे, टोपल्यांत मांडायचे आणि भुशाच्या धुरावर सोनेरी होईपर्यंत ठेवायचे. तिनापा. आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरी हेच चालतं. तियांग तर लग्नाच्या आधीपासून हेच करते. तिच्या केसांना धुराचा वास, तिच्या जपमाळेला धुराचा वास. छातीत काय असेल ते वेगळं सांगायला नको.

आता गंमत बघा. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस आले की लोक मांस सोडतात आणि सगळ्यांना तिनापा लागतो. भट्टी विझतच नाही. म्हणजे वर्षातला सगळ्यात जास्त धूर तिच्या छातीत नेमका त्याच दिवसांत जातो, ज्यांच्या शेवटी तिला गायचं असतं.

गायचं म्हणजे पाबासात. पवित्र आठवड्यात येशूच्या छळाची पोथी सुरात वाचतात, खंड न पाडता, एकाने सोडली की दुसऱ्याने धरायची. आमच्या कोपऱ्यावर, आलिंग सेपाच्या दुकानासमोर, बांबू आणि झावळ्यांचा मांडव घालतात. वीज सेपाच्या दुकानातून घेतात आणि लाउडस्पीकर विजेच्या खांबाला बांधतात, म्हणजे ज्याला ऐकायचं नाही त्यालाही ऐकावं लागतं. गुरुवारी दुपारचा भाग, खिळे ठोकतात तो, तियांगचा. तो तिचा नवस आहे.

तिचा मुलगा रोडेल लहान असताना समुद्रात गेला होता. बाहेर काढला तेव्हा श्वास नव्हता. तियांगने तिथेच वाळूत गुडघे टेकले आणि बोलून बसली की पोरगा श्वास घेऊ दे, मी श्वास असेपर्यंत हा भाग वाचीन, मध्ये तोडणार नाही, आमच्या घराबाहेरच्या कुणाला देणार नाही. रोडेलने पाणी ओकलं आणि रडायला लागला. आता तो मालवाहू जहाजावर असतो, गळ्यात जाड साखळी घालून फोटो पाठवतो.

गेल्या वर्षी वाचताना तिला खोकल्याची उबळ आली. माइकवरच. ती थांबेना, तेव्हा आलिंग सेपाने पोथी आपल्याकडे ओढली आणि दोन कडवी म्हणून टाकली. पुढे पावसाळ्यात रोडेलचा हात जहाजावर दोरखंडात सापडला. दोन बोटं अजून वळत नाहीत. तियांगने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण फोनवर ती आधी हाताचं विचारते, मग जेवणाचं.

या वर्षी उपास लागल्यावर तिला चढ चढवेना, म्हणून मी तिला ओढत आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर एक तरुण बाई, केसांत पेन्सिल खोचलेली. तिने पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग समजावून सांगितलं. छातीच्या नळ्यांना आतून बारीक बारीक केस असतात, ते कफ वर वर ढकलत राहतात. धुराने तुमचे बरेचसे जळून गेलेत. त्यामुळे आता कफ बाहेर काढायला एकच गोष्ट उरली, ती म्हणजे खोकला. ही पिवळी कॅप्सूल कफ पातळ करेल, पाणी भरपूर प्यायचं. पातळ झाला की तो सुटेल आणि खोकला आधी वाढेल. वाढू द्या. त्याला दाबायला काही घेऊ नका. हे शेवटचं बोलताना ती तियांगकडे नाही, माझ्याकडे बघत होती. तियांग मात्र प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

रस्त्यात तियांगने एवढंच विचारलं की म्हणजे खोकला वाढणार. मी हो म्हटलं. 

वाढलाच. डबा भरायला लागला. माझी झोप गेली, पण चढ चढताना ती पुन्हा बोलायला लागली, सेपाच्या सुनेची नक्कल करायला लागली. मी म्हटलं, चला, बरं झालं.

आणि पवित्र आठवडा लागला तशी एका सकाळी मला जाग आली ती शांततेने. कोंबडा आरवत होता. बाकी काही नाही. मला वाटलं मेली. पडदा ओढला तर ती पलंगावर बसलेली, हातात जपमाळ, चेहऱ्यावर हसू.

"झोप, जेलाय," ती म्हणाली. "देवाने ऐकलं."

दुसऱ्या दिवशीही खोकला नाही. गल्लीत सगळ्या खूश. आवाज कसा मोकळा झालाय बघा, आल्याच्या काढ्याचा गुण, नवसाचा गुण, ज्याचं त्याचं चाललं होतं. मला मात्र एका जागी बसवेना. मासे साफ करताना दोनदा बोट कापून घेतलं. वर्षभर जो आवाज बंद व्हावा म्हणून मी तळमळत होते, तो बंद झाला आणि आता मी कान लावून त्याचीच वाट बघत होते.

कारण दुसराच आवाज सुरू झाला होता. प्लास्टिकच्या पिशवीतलं सरबत संपत आलं की स्ट्रॉमधून येतो ना, तसा. ती गप्प बसली की यायचा. श्वास आत, बुडबुडे. श्वास बाहेर, बुडबुडे. ती आडवी होऊन झोपेना, तांदळाचं पोतं पाठीला लावून बसूनच डुलक्या घ्यायची. डबा कोरडा. पिवळ्या कॅप्सूल मात्र वेळच्या वेळी चालू. मी विचारलं, आतलं सगळं जातं कुठे? ती म्हणाली, संपलं असेल.

बुधवारी मी भट्टीची मोरी साफ करत होते. मोरीत खवले आणि माशाची चरबी बसते, दगडासारखी. त्यावर कढत पाणी ओतायचं, चरबी सुटते, मग खालचा लाकडी गुडदा, म्हणजे बूच, उपसायचा की सगळं वाहून जातं. माझं लक्ष कुठे होतं देव जाणे. पाणी ओतत गेले, ओतत गेले, आणि गुडदा तसाच. घाण सुटली आणि सगळी वर आली. घोट्यापर्यंत. मी त्या घाणीत उभी राहिले आणि एकदम लक्षात आलं. गुडदा कुणीतरी लावलाय. तिच्या छातीला कुणीतरी गुडदा लावलाय.

घरी जाऊन तिची उशी उचलली. खाली चंदेरी कागदाचे छोटे चौकोन, गोळी काढून घेतलेले. नाव नाही, काही नाही. आमच्याकडे गोळ्या सुट्या मिळतात, पट्टीतून कात्रीने कापून, आणि नाव बहुतेक वेळा कुणा दुसऱ्याच्या तुकड्यावर जातं. एक तुकडा मुठीत घेऊन मी आलिंग सेपाच्या दुकानात गेले.

ती जाळीच्या आड बसलेली, गळ्यात दोरीला बांधलेली कात्री. मी तुकडा आत सारला आणि ही कसली गोळी म्हणून विचारलं. तिने नखाने उलटवून बघितला. खोकला बंद करणारी, म्हणाली. तुझ्या मावशीने स्वतः मागितली, लागू पडली ना? तुलाही देते एक, निदान तोंड बंद राहील.

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला गेल्या वर्षीसारखा माइक पाहिजे, म्हणून तुम्ही तिला आतल्या आत बुडवताय. आणि जाळीबाहेर मांडलेली लिमलेटची बरणी ढकलून दिली. फुटली नाही, पण गोळ्या रस्ताभर झाल्या आणि पोरं धावली.

सेपा ओरडली नाही. तिचे ओठ नुसते पांढरे पडले. मग तिने विचारलं, बुडवतेय म्हणजे काय? मी मोरीचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं, अर्धं ओरडून, अर्धं रडून. ती तुकड्याकडे बघत राहिली.

"उचल त्या गोळ्या," ती म्हणाली.

मी उचलल्या नाहीत.

तियांगला सांगितलं तर ती काढा फुंकून पीत होती. सगळं ऐकून घेतलं. चिडली असती तर बरं झालं असतं, मला चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. ती म्हणाली, उद्याच्या दुपारपर्यंतच ग. मग तू म्हणशील तेवढी खोकेन. मी म्हटलं, उद्या दुपारी तुझ्यात श्वासच उरला नाही तर? तिने माझ्या दोन बोटांवर हात ठेवला, रोडेलच्या ज्या दोन वळत नाहीत त्याच, आणि म्हणाली, गेल्या वर्षी मी तोडलं. या वर्षी काय जाईल त्याचं?

 मी उशीखालच्या उरलेल्या गोळ्या समुद्रात फेकून आले. संध्याकाळी तिच्याकडे नव्या होत्या.

गुरुवारी ती पांढरा ब्लाउज घालून मांडवात गेली. मी जाणार नाही म्हणून सांगितलं. भट्टीवर थांबले. टोपल्या काढल्या, घातल्या, परत काढल्या. कुठलेच मासे धड झाले नाहीत. मग खांबावरून तिचा आवाज आला. चांगला लागला होता, खोटं कशाला बोलू. गल्लीतल्या बायका हातातलं काम थांबवून ऐकत होत्या. पण माइक सगळंच ऐकतो. ओळ संपली की पुढची ओळ सुरू व्हायच्या आधी त्यात ते बुडबुडे येत होते. अख्ख्या गावावर, खांबाखांबावरून. आणि कुणाच्या लक्षात येत नव्हतं. पहिल्या कडव्यात ती दोन ओळी एका श्वासात घेत होती. मग एक. मग अर्धी.

मी धूर तसाच सोडून पळाले. हाताला खवले, पायात चप्पल नाही.

मांडवात बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पंखे हलवत बसलेल्या. टेबलावर केळीच्या पानावर बिको, म्हणजे गुळातला चिकट भात, आणि काढ्याचं भांडं. तियांगने टेबलाची कड धरली होती. मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या ताणलेल्या आणि नखं वांग्याच्या रंगाची. एक जण पुटपुटली, बघा किती मन लावून वाचते.

मी तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसले आणि खोक म्हणून सांगितलं. तिने न थांबता मान हलवली. नाही. मी तिचा हात ओढला, तिने सोडवून घेतला. ओळ म्हटली. श्वास घ्यायला तोंड उघडलं तर आत काही गेलंच नाही, नुसतं गुळगुळलं. मी पोथीत बघितलं. पान उलटायचं होतं, आणि त्यानंतर अजून एक. ती पोहोचणार नव्हती. हे तिलाही दिसत होतं. तिचे डोळे पोथीवर नव्हतेच, ते खूप मोठे झाले होते.

तेव्हा मला कळलं की खोक म्हणून काही होणार नाही. ती खोकली तर खंड पडतो. खंडाचं काय करायचं ते आधी सांगायला पाहिजे.

"तियांग," मी म्हटलं, "मी वाचते. मी आपल्या घरातली आहे. तू खोक. आपोआप येत नसेल तर मुद्दाम आण."

तिने माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. आवाज नव्हता, पण कळलं. खंड?

"नाही पडणार."

मी माइक ओढला आणि तिने जो शब्द अर्धा सोडला होता तिथून धरला.

माझा आवाज म्हणजे गंजलेली कडी. चाल पाळण्यात असल्यापासून ऐकलेली, पण गायली कधी नव्हती, आणि शब्द जुने, लांबलचक, मध्येच तुटणारे. पहिल्याच ओळीला कुणीतरी हसलं. मी बोट ठेवून ठेवून पुढे जात राहिले. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, आलिंग सेपा दुकानातून धावत येतेय. मला वाटलं आली माइक घ्यायला. मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

तिने माइककडे बघितलंही नाही. तियांगला खुर्चीतून उचललं, बाकावर पालथी वाकवली, डोकं खाली, आणि तळहाताची वाटी करून पाठीवर थापा मारायला लागली, नातवंडांना मारते तशा, खालून वर, खालून वर.

"या नव्या गोळ्या माझ्याकडून नाही घेतल्या तिने," थापा मारता मारता सेपा मला सांगत होती. "काल मी दिल्या नाहीत, तर वरच्या गल्लीत जाऊन आणल्या. हट्टी म्हैस." मग वाकून तियांगच्या कानाशी म्हणाली, "खोक, चोलेंग. गेल्या वर्षी नको तेव्हा खोकलीस. आता खोक."

काही येईना. मी पान उलटलं. दोन पानं चिकटलेली, बोट थुंकीने ओलं करून सोडवली, आणि ओळ लांबवत राहिले, लांबवत राहिले, पान सुटेपर्यंत. मागे नुसत्या थापा. मग एक बारीक खोकला आला. चाचपून बघितल्यासारखा. 

मग मोठा आला.

माइक आमच्या दोघींच्या मध्ये होता. खांबावरून माझा बेसूर आवाज आणि तिचा खोकला एकदमच जात होते, चर्चपर्यंत, धक्क्यापर्यंत. कुत्री भुंकायला लागली. लोक दारात येऊन उभे राहिले. कुणीतरी काढ्याचं भांडं रिकामं करून तिच्या तोंडाखाली धरलं. खिळे ठोकायची कडवी चालली होती आणि मी रडत नव्हते, घाम होता तो. खोकला थांबेना, मीही थांबले नाही. आणि मग स्पीकरवरून श्वासाचा आवाज आला. पूर्ण श्वास, खोलवर गेलेला, एखादं ओलं कापड फाटावं तसा. मी शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि मगच मागे बघितलं. नखं अजून निळसरच होती, पण ती बसली होती, आणि सेपा तिचं तोंड आपल्या एप्रनने पुसत होती.

तिथून आम्ही तिला तिचाकीत घालून हॉस्पिटलात नेलं. मी एका बाजूने धरलेलं, सेपाने दुसऱ्या. तिथे नाकाला ऑक्सिजन लावला, नळीने आणखी बरंच काढलं, मिठाच्या पाण्याची वाफ दिली. तिथले डॉक्टर म्हणाले की एकीकडून सुटत होतं आणि दुसरीकडून दार लावलेलं, अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. पिवळी कॅप्सूल चालू राहिली, दुसरी गोळी बंद. ईस्टर तिथेच गेला.

घरी आली त्या दिवशी रोडेलचा फोन आला. तिने आधी हाताचं विचारलं. त्याने हात पडद्यासमोर धरला, होता तसाच होता, वाईट नाही, बरा नाही. मग तो हसायला लागला, म्हणाला कुणीतरी त्याला पाबासाचा व्हिडिओ पाठवलाय आणि जहाजावर सगळे माझ्या आवाजाला हसतात. मी फोन काढून घेऊन त्याला दोन शिव्या दिल्या.

तेवढ्यात आलिंग सेपा बिको घेऊन आली. पाय पसरून बसली आणि सांगायला लागली की त्या दिवशी जेलायचा सूर ऐकून धक्क्यावरच्या होड्या परत समुद्रात गेल्या. लिमलेटचं तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. पण जाताना दुकानापर्यंत तिची टोपली मी उचलून नेली.

त्याआधी एक झालं. तियांग बिको न खाता नुसती हातात धरून बसली होती. तिने मान वर केली नाही, फक्त विचारलं, पान उलटताना काही सुटलं का.

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. पानं चिकटली होती, एखादी ओळ तिथे गेली असेल, नसेल. तिथे पोथी पाठ असलेली एकच बाई होती.

"एक अक्षर नाही," आलिंग सेपा म्हणाली. "मी मोजत होते. खा आता, गार होतंय."

तियांगने बिको खाल्ला. मी सेपाच्या तोंडाकडे बघत होते, ती माझ्याकडे बघतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी पडद्यापलीकडे पलंग करकरला. मग एक बारीक खोकला. मग मोठा. मग डब्याचं झाकण. शेजारचा कोंबडा गप्प झाला. मी उशी डोक्यावर ओढून घेतली, एक शिवी दिली आणि झोपले.